घर थंड होत नाही? आधी घड्याळ बघा

उन्हाळा लागला की मला येणाऱ्या फोनचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "पंखा पाचवर आहे, तरी खोलीत बसवत नाही." दुसरंही ठरलेलं. "किती टनाचा एसी घेऊ?" मी बरीच वर्षं सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. हा उद्योग आधी स्वतःच्या घरात केला, मग भावाकडे, मग शेजारीपाजारी. आता टनाचं मी बोलतच नाही. उलट विचारतो, "सगळ्यात जास्त त्रास किती वाजता होतो?"

तक्रार सगळ्यांची एकच असते, वेळ मात्र वेगळी असते. आणि वेळ कळली की निम्मं निदान झालं.

लक्षणं

दुपारी तीनपासून एकच खोली भट्टीसारखी तापते, बाकीचं घर ठीक असतं आणि अंधार पडल्यावर तीही निवते: काचेतून येणारं ऊन, बहुतेक वेळा पश्चिमेच्या खिडकीचं.

दिवस कसाबसा निघतो, पण रात्री नऊ ते बारा जीव नकोसा होतो, पंखा लावला की वरून उबट वारा येतो आणि पहाटे कुठे डोळा लागतो: स्लॅब.

बाहेर गार झुळूक सुटली आहे, गॅलरीत बरं वाटतं, आत पाऊल टाकलं की कोंदट: हवा आत येते पण तिला बाहेर जायला वाट नाही, किंवा ती आतच येत नाही.

आकडा फार नाही, पण अंग चिकचिकतं, चादर ओलसर लागते, घाम वाळत नाही: दमटपणा. कूलर लावल्यापासून हे वाढलं असेल तर संशयित समोरच उभा आहे.

वेळ कुठलीही असो, गेल्या वर्षी पुरत होतं ते यंत्र यंदा पुरत नाही: यंत्रातला बिघाड. हे सगळ्यात शेवटी लिहिलं आहे, कारण लोक नेमके इथूनच सुरुवात करतात.

दोन लक्षणं एकत्र असणं नेहमीचंच. वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या खोलीला पहिली दोन्ही लागू होतात. तिथे आधी ऊन अडवा, मग स्लॅबकडे वळा.

1. दोन थर्मामीटर, दोन दिवस

दमटपणाही दाखवणारे दोन साधे डिजिटल थर्मामीटर घ्या. एक खोलीत, पलंगाच्या उंचीवर, उन्हापासून आणि यंत्राच्या झोतापासून लांब ठेवा. दुसरा बाहेर, पण सावलीत. सकाळी सहा, दुपारी बारा, तीन, सहा, रात्री नऊ, बारा असे आकडे कागदावर लिहा. कंटाळवाणं आहे, पण अंगाला जाणवणारा उकाडा फसवा असतो. 32 अंश कोरडी हवा पंख्याखाली चालून जाते, 30 अंश दमट हवेत माणूस हैराण होतो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की खोली दिवसा 32 अंशांच्या आणि रात्री 24 अंशांच्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करावा. रात्रीचं 24 अनेक घरांत जमत नाही हे मला मान्य आहे. तरी आपण त्यापासून किती लांब आहोत हे कळलं पाहिजे.

घरातलं वयस्क माणूस किंवा लहान मूल असंबद्ध बोलू लागलं, ग्लानीत गेलं, अंग चटका बसावा इतकं तापलं, तर थर्मामीटर खाली ठेवा. तो उष्माघात असू शकतो. अंगावर पाणी मारत, वारा घालत ताबडतोब डॉक्टर किंवा रुग्णवाहिका गाठा. घर नंतर थंड होईल.

2. खिडक्या कधी उघडता?

याला पैसा लागत नाही, आणि मी पाहिलेल्या घरांपैकी निम्म्या घरांत चूक इथेच होती. "हवा येऊ दे" म्हणून खिडक्या दिवसभर सताड उघड्या, आणि झोपताना डास, आवाज, चोर या भीतीने बंद. म्हणजे बाहेर 41 अंश असताना ती हवा आत घ्यायची, आणि बाहेर 27 झाल्यावर आतली 33 अंशांची हवा जपून ठेवायची.

नियम एकच. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली गेला की उघडा, वर चढला की बंद करा. सकाळी हे साधारण आठ-नऊला होतं, पण घड्याळावर विसंबू नका, थर्मामीटर बघा. डासांसाठी जाळी लावा आणि तिची धूळ झाडत जा. धुळीने बुजलेल्या जाळीतून वारा येत नाही.

स्वयंपाकघराला हा नियम लावू नका. शेगडी पेटलेली असताना तिथली खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट चालू, मग बाहेर कितीही तापलेलं असो.

रात्री उघडूनही आत हवा येत नसेल तर दुसरी वाट शोधा. एकाच खिडकीतून वारा आतही येईल आणि बाहेरही जाईल ही अपेक्षा चुकीची आहे. समोरच्या भिंतीतलं काहीतरी उघडं हवं, निदान खोलीचं दार तरी. इथे टेबलफॅन कामाला येतो, पण लोक त्याचं तोंड पलंगाकडे करतात. तो तापलेल्या बाजूच्या खिडकीत ठेवा आणि तोंड बाहेर करा. तो आतली गरम हवा ढकलतो, आणि गार बाजूच्या खिडकीतून ताजी हवा आपोआप ओढली जाते. पहिल्यांदा हे करताना घरातले मला हसले होते. "बाहेरच्यांना वारा घालतोयस का?" अर्ध्या तासात आतला आकडा 2 अंशांनी उतरला, मग कुणी हसलं नाही. पंखा खिडकीत पक्का बसवा, वायर लोंबू देऊ नका, पावसाचा शिंतोडा आला तर काढून घ्या.

3. घरातच चूल पेटली आहे का?

फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून किंवा बाजूंच्या पत्र्यातून खोलीतच सोडतो. त्याचं दार उघडून गार होऊ पाहणाऱ्याला एकूण हिशेबात गरमच मिळतं. मोठा टीव्ही, गेमिंगचा कॉम्प्युटर, जुने पिवळे बल्ब, हे सगळे जेवढे वॉट खातात तेवढी उष्णता खोलीत टाकतात. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा साधारण 100 वॉटची शेगडी असतो, त्यामुळे पाहुणे आले की खोली तापते ती खरोखर तापते. ओव्हन, इस्त्री आणि लांबलचक उकळणं सकाळी उरकून घ्या. याने चमत्कार होणार नाही, पण छोट्या घरात एखादा अंश यातच दडलेला असतो.

4. ऊन काचेच्या आधी अडवायचं

पश्चिमेच्या खिडकीत दुपारी चारला थेट ऊन येतं तेव्हा चौरस मीटरभर काचेतून पाचशे-सहाशे वॉट सहज आत शिरतात. छोटा हीटर लावून ठेवल्यासारखंच. माथ्यावरचा सूर्य छपराला भाजतो, तिरपा सूर्य खिडकीतून घुसतो. म्हणून दक्षिण-उत्तर खिडक्यांपेक्षा पूर्व-पश्चिम खिडक्या जास्त छळतात.

आता पडदा. लोक जाड, गडद पडदा लावतात आणि म्हणतात, "लावलाय की, काही फरक नाही." साडेचारला त्या पडद्यामागे हात घालून बघा. कापड आणि काच यांच्यामध्ये भट्टी असते. ऊन काचेतून आलं, पडद्याने प्यायलं, आणि आता पडदा ती उष्णता खोलीत सोडतो आहे. काच उजेड सहज आत येऊ देते, पण तापलेल्या वस्तूची ऊब तशीच बाहेर जाऊ देत नाही.

म्हणून आडोसा बाहेरच्या बाजूला हवा. बांबूची चिक, शेडनेट, ताडपत्री, गजांना बाहेरून बांधलेली जुनी पांढरी चादरसुद्धा चालेल. काचेपासून वीतभर लांब असेल तर उत्तम, मधून हवा फिरते. बाहेर काही लावायची सोय नसेल तर आतून पांढरा किंवा चकाकता पडदा काचेला लागून लावा. निदान थोडं ऊन परत तरी जाईल. वरच्या मजल्यांवर बाहेर लोंबकळून काही बांधू नका. चादर एवढी महत्त्वाची नाही. तिथे ग्रिलच्या आतून पोचेल तेवढंच करा, नाहीतर सेफ्टी बेल्ट असलेला माणूस बोलवा.

5. पंखा: तो खोली गार करत नाही

पंख्याखाली थर्मामीटर धरा. आकडा उतरत नाही. पंखा हवा गार करत नाही, तो अंगावरचा घाम उडवतो आणि अंगाला चिकटलेला उबदार थर हटवतो. साधा छताचा पंखा 70-75 वॉट खातो आणि तेवढी ऊब खोलीतच सोडतो. रिकाम्या खोलीत "जरा गार होऊ दे" म्हणून चालू ठेवलेला पंखा खोली गरमच करत असतो. हवा 40 अंशांच्या वर गेली की पंख्याचा वारा अंगाला उलट तापवतो, तेव्हा निव्वळ पंख्यावर राहू नका.

पंखा मंद वाटत असेल तर आधी पाती पुसा. कडेवर साचलेली काळी धूळ वारा कापू देत नाही. मेन बंद करून, पक्क्या स्टुलावर उभं राहून, ओल्या फडक्याने. पातं वाकवू नका, मग पंखा हलायला लागतो. उलटा फिरायची सोय असलेला पंखा असेल तर खाली उभं राहिल्यावर वारा थेट डोक्यावर येतोय ना, ते तपासा.

पाती स्वच्छ, रेग्युलेटर पूर्ण, तरी गती नाही. किंवा हाताने ढकलल्याशिवाय सुरू होत नाही: कंडेन्सर गेला असण्याचीच शक्यता जास्त. हा भाग क्षुल्लक असतो, पण वीज बंद केल्यावरही त्यात झटका साठलेला राहू शकतो. वायरिंगची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनला सांगा, त्याचं दहा मिनिटांचं काम आहे. जळका वास, घरघर, किंवा मोटरला हात लावताच चटका असेल तर पंखा बंदच ठेवा.

6. कूलर: खिडकी बंद करून लावलाय का?

एका काकूंनी मला बोलावलं तेव्हा त्यांच्या खोलीत कूलर घोंघावत होता, दारं-खिडक्या घट्ट बंद होत्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर पापडासारखं वळलं होतं. काड्यापेटीतली काडी ओढली तर गुल मऊ पडून नुसता घासला गेला. दमटपणा 85 टक्के. "गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून सगळं बंद केलं रे," काकू म्हणाल्या. त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणू? एसीला तेच तर करायचं असतं.

कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. लिटरभर पाणी उडताना साधारण दोन-तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता हवेतून ओढून घेतं. पण ती वाफ खोलीतच राहिली तर पुढचं पाणी उडत नाही, आणि कूलर नुसता दमट वारा फेकणारा पंखा होतो. म्हणून कूलरची पाठ बाहेरच्या हवेला हवी आणि समोरची खिडकी उघडी हवी. काकूंकडे मी तेवढंच केलं, समोरची खिडकी वीतभर उघडली.

कूलर तुमच्याकडे किती करू शकतो हे घरीच कळतं. थर्मामीटरच्या टोकाला ओलं पातळ फडकं गुंडाळा आणि त्यावर वारा सोडा. आकडा जिथे थांबतो त्याच्या खाली कूलर कधीच जाणार नाही, त्याच्या वर दोन-चार अंशच पोचेल. इथे डिजिटल नको, काचेचा थर्मामीटर घ्या, पण हवेचा, ताप मोजायचा नव्हे. हवा 40 अंश आणि दमटपणा 20 टक्के असेल तर तो आकडा 23 च्या आसपास येतो, म्हणजे कूलर झकास. 35 अंश आणि 70 टक्के असेल तर 30. तिथे पाणी बंद करा, नुसता पंखा चालवा. यंत्राचा काही दोष नाही.

हवा कोरडी असूनही गारवा नसेल तर पॅड बघा. क्षारांनी पांढरे, कडक झालेत का? वरून पाणी सगळीकडे सारखं झिरपतंय की एका बाजूला पट्टा कोरडाच आहे? कोरड्या पट्ट्यातून गरम हवा सरळ आत येते. पाणी वाटणाऱ्या नळीची भोकं टाचणीने मोकळी करा, टाकी आठवड्याला रिकामी करून घासा, नाहीतर वास आणि डास दोन्ही येतात.

कूलरच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर एक पाऊलही पुढे जाऊ नका. कोरड्या हाताने मेन बंद करा, प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग आणि पंप तपासून घ्या. पाणी, पत्रा आणि वीज एकत्र आले की घरगुती प्रयोग थांबलेच पाहिजेत.

7. एसी: गॅस "संपत" नाही

आधी रिमोट. हसू नका, हिमकणाच्या चिन्हाऐवजी पंख्याच्या चिन्हावर ठेवलेले किती एसी मी "दुरुस्त" केलेत. मग फिल्टर. पुढचं झाकण उघडून जाळी काढा, उजेडासमोर धरा. पलीकडचं दिसत नसेल तर उत्तर मिळालं. पाण्याखाली धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, परत बसवा. मोसमात दर दोन आठवड्यांनी. जाळी बुजली की कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, कॉइल अतिगार होऊन त्यावर बर्फ धरतो, आणि बर्फामुळे हवा आणखी अडते. बर्फ दिसला तर खरवडू नका. कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, वितळू द्या.

पुढे बाहेरचं युनिट. त्याच्यासमोर कुंड्या, जुनं सामान, कबुतराचं घरटं आहे का? ते खोलीतली उष्णता बाहेर फेकतं. समोर अडथळा असेल तर तीच गरम हवा फिरून परत ओढतं.

एवढं झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं एसी चालवा आणि आत ओढली जाणारी हवा व बाहेर येणारी हवा दोन्ही मोजा. फरक साधारण 8 ते 12 अंश हवा, खूप दमट दिवसांत थोडा कमी चालतो. फरक नीट आहे आणि तरी खोली गार होत नाही? मग एसी ठणठणीत आहे. खोलीत उष्णता जास्त येते आहे, मागच्या तपासण्यांकडे परत जा. दाराखालची फटही बघा. फरक चार-पाच अंशांवर अडकला असेल तर मेकॅनिक.

त्याने "गॅस संपलाय, भरून देतो" म्हटलं की एक प्रश्न विचारा: "गळती कुठे आहे?" गॅस बंद नळ्यांत फिरतो, पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गेला. माझ्याकडे सलग तीन उन्हाळे गॅस भरला गेला. चौथ्या वर्षी आलेल्या माणसाने साबणाचा फेस लावला आणि एका नटापाशी बुडबुडे दाखवले. नट आणि नळीचं तोंड नीट केलं, विषय संपला. तीन वेळचे पैसे आठवले की अजून राग येतो. हे काम स्वतः मात्र करू नका. दाब जास्त असतो, आणि आर-32 किंवा आर-290 सारखे वायू पेट घेऊ शकतात.

18 वर ठेवून खोली लवकर गार होत नाही, तापलेल्या खोलीत यंत्र तसंही पूर्ण जोरातच चालतं. 26-27 वर ठेवून सोबत पंखा लावा.

8. स्लॅब

रात्री दहाला पंखा बंद करा. परत सांगतो, बंद करा. स्टुलावर उभं राहा आणि तळवा छताला टेकवा, मग आतल्या भिंतीला टेकवा. छत भिंतीपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तुमचा रात्रीचा उकाडा वरून येतोय. जाड काँक्रीट दुपारचं ऊन पितं आणि काही तास उशिरा, पार रात्रीपर्यंत खाली सोडत राहतं, म्हणून दुपारचा सूर्य तुम्हाला झोपायच्या वेळी भेटतो. गरम छत नुसती हवा तापवत नाही, विस्तवासमोर बसल्यासारखी त्याची ऊब थेट अंगावर येते.

पैसे घालायच्या आधी फुकटची चाचणी करा. पलंगाच्या बरोबर वर, गच्चीवर, जुनी चादर किंवा शेडनेट हातभर उंच ताणून बांधा, खालून हवा खेळू द्या. दोन दिवसांनी रात्री दहाला पुन्हा तळवा टेकवा. झाकलेल्या आणि उघड्या भागातला फरक हाताला कळला तर पुढे जा.

पुढे म्हणजे पांढरा रंग. स्वच्छ पांढरा पृष्ठभाग बरंचसं ऊन परतवतो. काळपट छप्पर उन्हात 65 अंशांच्याही वर जातं, पांढरं त्यापेक्षा कितीतरी गार राहतं. चुना स्वस्त पण दर वर्षी लावावा लागतो, ऊन परतवणारा तयार रंग जास्त टिकतो. लावण्याआधी गच्ची घासून धुवा, आणि नंतरही धूळ साचली की धुवा, मळलेला पांढरा तापतोच. चुन्याने डोळे आणि कातडी भाजते, चष्मा-हातमोजे हवेतच. काम सकाळी किंवा संध्याकाळी करा. भर उन्हात पांढऱ्या गच्चीवर डोळे दिपतात आणि भोवळ येते.

पत्र्याचं छप्पर असेल तर गणित उलटं असतं. ते दिवसा भाजतं आणि रात्री लवकर निवतं. त्यालाही पांढरा रंग आणि खाली उष्णतारोधक थर उपयोगी पडतो. पण जुना सिमेंटचा पत्रा अ‍ॅस्बेस्टॉसचा असू शकतो. तो कापू नका, भोकं पाडू नका, कोरडा घासू नका, त्याची धूळ फुप्फुसात जाते. ते काम जाणकाराचंच.

गच्चीवर पाणी तुंबवून ठेवणं, मातीचा थर, बाग, विटांचा जादा थर, यांपैकी काहीही स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको. 10 सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला 100 किलो, ओली माती त्याहून जड. आणि छताला ओल, तडे किंवा गंजून बाहेर आलेली सळई दिसत असेल तर रंगाचा डबा उघडूच नका. आधी गळतीवाल्याला आणि इंजिनिअरला गच्चीवर न्या.

थांबायची वेळ

फ्यूज किंवा एमसीबी पुन्हापुन्हा पडतोय, प्लग वितळलाय, एसी लावला की दिवे मंद होतात: नवं यंत्र घेण्याआधी वायरिंग तपासा. मोठा एमसीबी टाकून "सोडवलेला" प्रश्न मी एकदा पाहिलाय, भिंतीतली वायर काळी पडली होती.

आठही तपासण्या करून, आकडे लिहूनही रात्री बाराला खोली 30 च्या खाली येत नसेल, तर एसीचं बोलू. तेव्हा तो कागद विक्रेत्यासमोर ठेवा. एक टन म्हणजे साधारण 3.5 किलोवॉट उष्णता उपसण्याची ताकद, आणि ती बहुधा बाहेर 35 अंश असताना मोजलेली असते. तुमच्या कागदावर दुपारी तीनला बाहेर 42 लिहिलेलं असेल तर यंत्र पाटीवरच्या आकड्यापेक्षा कमी उपसेल, हे त्याला आठवण करून द्या. पश्चिमेची चिक आणि गच्चीवरचा रंग झालाय हेही सांगा. आमच्या भावाने आधी दीड टनाचं ठरवलं होतं. हे सगळं केल्यावर एकच टन घेतला, आणि रात्री एकनंतर तोही बंद करून खिडकी उघडतो.